कापून देऊ का?

बेकरी आमची बफेलोच्या पूर्व भागात, पोलिश वस्तीत.
जानेवारीत दार उघडलं की पिठावर बर्फ येऊन पडायचा.
गल्ल्यावर मी, हालिना. चेहरा विसरत नाही असा लौकिक.
कुणाला राय ब्रेड, कुणाला खसखशीचा रोल,
माणूस उंबऱ्यात असतानाच माझा हात फळीवर गेलेला.

त्या संध्याकाळी तो आला.
म्हणजे कोण आला, तेच तर.
टोपी, ओला कोट, आणि एक लहानसं गोल काळं भोक,
ज्याच्यापलीकडे मी काही पाहिलंच नाही.
(हे आज कळतं. तेव्हा वाटलं, सगळं पाहिलं.)
झिगमुंट, माझे दीर, हात पुसत मागून बाहेर आले.
त्यांच्या एप्रनवर तोवर फक्त पीठ होतं.

पोलिसांनी सहा फोटो मांडले, पत्त्यांसारखे.
मी चौथ्यावर थांबले,
पाटीतल्या बटाट्यांतून
त्यातल्या त्यात बरा उचलावा तशी.
"हाच असेल," म्हटलं.
डिटेक्टिव्हनं पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "छान."
एवढंच.
त्या "छान"नं माझ्या वाक्यातलं "असेल" गळून पडलं.
आठवड्यानं ओळख परेड. काचेपलीकडे सहा माणसं,
त्यांतला एकच मी आधी पाहिलेला.
कुठे, ते मी स्वतःला विचारलं नाही.

कोर्टात बोट दाखवलं. हात थरथरला नाही.
"मरेपर्यंत विसरणार नाही हा चेहरा."
ज्युरीतल्या एका बाईनं डोळे टिपले.
डेलमार टीग, वय तेवीस, टायरच्या दुकानात कामाला.
मागच्या बाकावरून त्याची आई म्हणाली,
मोठ्यानं नाही, घरात बोलतात तसं:
"अहो, तो त्या रात्री माझ्याकडे भांडी घासत होता."
मी मनात म्हटलं, आईच ती. दुसरं काय म्हणणार.

म्हणतात, डोळे आणि कान यांत चार बोटांचं अंतर.
पाहिलेलं आणि आठवलेलं यांत किती बोटं,
ते मोजायला
माझं बोट मोकळं नव्हतं.

एकोणीस वर्षांनी त्या टोपीतल्या घामानं साक्ष दिली.
माणूस भलताच निघाला; ओहायोच्या तुरुंगात कधीच मेलेला.
त्याचा फोटो मला दाखवला. अनोळखी.
बसमध्ये शेजारी आला असता तर सरकून जागा दिली असती.
टीव्हीवर डेलमारला दाखवत होते,
मी आवाज बंद केला आणि भिंतीकडे पाहत बसले.
स्वप्नात अजून झिगमुंटवर गोळी झाडतो तो डेलमारच.
मी सांगते, तू नव्हतास रे.
तो जात नाही. जाणार कसा,
मीच उभं केलंय त्याला तिथे.

आणि यंदा, ईस्टरच्या आधीच्या गर्दीत,
रांगेत एक जाडसर माणूस, टक्कल पडलेला,
चष्म्याची दांडी टेपनं चिकटवलेली.
माझा हात फळीकडे गेला नाही. नवं गिऱ्हाईक.
"एक राय."
"कापून देऊ का?"
तो माझ्याकडे बघत राहिला.
कशाची वाट पाहत होता, ते नंतर कळलं.
"हो. पातळ."
यंत्र घरघरलं. पाव पिशवीत घालता घालता
मी नेहमीसारखं विचारलं,
"लोण्याचं कोकरू ठेवू बाजूला, सणासाठी? नाव सांगा."
त्यानं सांगितलं. आडनाव आधी,
हजेरीला सांगतात तसं.

पेन कागदावर टेकलेलं होतं.
मागून कुणीतरी म्हणालं, आटपा हो लवकर.
"ठेवा एक," तो म्हणाला. "शनिवारी येतो."
पैसे मोजून ठेवले, एक नाणं परत उचलून
त्याजागी दुसरं ठेवलं, आणि गेला.

आज शनिवार. कोकरू फ्रीजमध्ये आहे,
मिऱ्याचे दोन डोळे लावलेले, चिठ्ठीवर नाव.
सकाळी सातपासून दार वाजलं की मी मान वर करते
आणि बघते, नीट,
येणाऱ्या प्रत्येकाकडे.